मेट्रिक मापांच्या नावांतले घोळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दशमान पद्धत सोपी आहे, पण तिची नावं एका बैठकीत ठरलेली नाहीत. काही कायद्यानं आली, काही बाजारातून, काही चुकून राहिली. सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

१. किलोग्रॅम हे मूळ एकक, मग त्याच्या नावात आधीच 'किलो' कसा? मीटरला तर काही लावलेलं नाही.

फ्रान्समध्ये १७९३ साली या वजनाला 'ग्राव्ह' असं साधं, उपसर्ग नसलेलं नाव दिलं होतं. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यानं ते बाजूला सारलं आणि 'ग्रॅम' आणला. ग्रॅम म्हणजे बर्फ वितळतं त्या तापमानाच्या एक घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान. पण एक ग्रॅमचा ठोकळा प्रमाण म्हणून जपायला फारच लहान पडतो. म्हणून १७९९ मध्ये प्लॅटिनमचा जो ठोकळा घडवला तो हजारपट मोठा, किलोग्रॅमचा. नाव ग्रॅमवरून आणि ठोकळा किलोचा, अशी गाठ तेव्हाच बसली.

पुढे शास्त्रज्ञ बराच काळ सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धत वापरत होते. विसाव्या शतकात मीटर-किलोग्रॅम-सेकंद पद्धत रुळली आणि नाव बदलायचं राहून गेलं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांक स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्यावर ठरतो. तेव्हाही नावाला कुणी हात लावला नाही. भारताचा प्रमाण किलोग्रॅम, प्रत क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

२. मग मिली, मायक्रो हे उपसर्ग किलोग्रॅमला लावायचे की ग्रॅमला?

ग्रॅमलाच. एका एककाला दोन उपसर्ग चालत नाहीत, त्यामुळे किलोग्रॅमचा दहा लाखावा भाग 'मायक्रोकिलोग्रॅम' नसून मिलिग्रॅम आहे. मूळ एककाला सोडून त्याच्या तुकड्याला उपसर्ग लागतात असं हे एकमेव उदाहरण. गणित करताना इथेच हजारपटीची चूक होते. सूत्रात आकडे घालण्यापूर्वी सगळी वस्तुमानं किलोग्रॅममध्ये आणून घ्यावीत.

३. इंग्रजी चिन्हांत 'के' लहान लिपीत, पण मेगाचा 'एम' मोठा. असं का?

मेगा आणि त्याहून मोठे उपसर्ग मोठ्या अक्षरात, बाकीचे लहान अक्षरात, असा नियम आहे. किलो, हेक्टो आणि डेका एकाहून मोठे असूनही जुन्या सवयीनं लहान अक्षरात राहिले. मोठा 'के' हे केल्विनचं चिन्ह आहे. म्हणून एलईडी दिव्याच्या खोक्यावरचे '६५०० के' म्हणजे ६५ लाख काही नव्हे, तर प्रकाशाचं रंगतापमान, पांढरट-निळसर.

आणखी दोन अपवाद आहेत. डेकाचं चिन्ह दोन अक्षरी ('डी' आणि 'ए'), कारण एकटा 'डी' डेसीनं घेतला. मायक्रोचं चिन्ह ग्रीक 'म्यू', कारण 'एम'ची दोन्ही रूपं मिली आणि मेगानं अडवली. लहान-मोठ्या 'एम'ची गल्लत मात्र किरकोळ समजू नका. मिलिवॅट आणि मेगावॅट यांत शंभर कोटी पटींचं अंतर आहे.

४. ग्रॅमसाठी 'जीएम' किंवा 'जीएमएस' लिहिलेलं चालतं का?

सर्रास दिसतं, पण चुकीचं आहे. चिन्ह फक्त एक लहान 'जी'. चिन्हाला अनेकवचन नाही आणि शेवटी टिंब नाही. वेष्टनावर निव्वळ वजन छापायचं असेल तर हे पाळावंच लागतं, कारण ते वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांखाली येतं.

मराठी संक्षेपांना असं एकच बंधन नाही आणि तिथे वेगळीच गंमत आहे. 'मि.' म्हणजे मिनिट आणि मिलीसुद्धा, 'से.' म्हणजे सेकंद आणि सेल्सिअससुद्धा. पाककृतीत '१० मि.' पाण्यासमोर आहे की शिजवण्यासमोर हे बघूनच अर्थ लागतो. शंका येण्याची जागा असेल तर शब्द पूर्ण लिहावा.

५. लिटरचं चिन्ह काही बाटल्यांवर लहान 'एल' तर काहींवर मोठा. बरोबर कोणतं?

दोन्ही. माणसाच्या नावावरून आलेल्या एककाचं चिन्ह मोठ्या अक्षरात (वॅट, न्यूटन, पास्कल) आणि बाकीच्यांचं लहान अक्षरात, हा नियम. लिटर नावाचा कुणी शास्त्रज्ञ नव्हता, म्हणून चिन्ह लहान होतं. पण छापील लहान 'एल' आणि '१'चा इंग्रजी आकडा ओळखू येत नाहीत, म्हणून १९७९ मध्ये मोठ्या अक्षरालाही मान्यता मिळाली. हाताने लिहिताना, विशेषतः औषधाच्या चिठ्ठीवर, मोठंच लिहावं असं आमचं मत.

६. सीसी आणि मिली एकच ना?

आज हो. एक सीसी म्हणजे एक घन सेंटिमीटर, म्हणजेच एक मिलिलिटर. १९०१ ते १९६४ या काळात मात्र लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावरून होती आणि तो लिटर १००० घन सेंटिमीटरपेक्षा ०.०२८ घन सेंटिमीटरनं मोठा भरत असे. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली. व्यवहारात या फरकानं काही बिघडत नव्हतं, पण जुन्या घनतेच्या तक्त्यांत आकडे किंचित वेगळे दिसतात ते यामुळे.

७. टन, मेट्रिक टन आणि क्विंटल यांत नेमकं काय वेगळं?

मेट्रिक टन १००० किलो, क्विंटल १०० किलो. नियमानं टनाचं नाव 'मेगाग्रॅम' हवं होतं, पण ते कुणी वापरत नाही. भारतात नुसता 'टन' म्हटलं तरी मेट्रिक टनच. अमेरिकेचा टन सुमारे ९०७ किलोचा आणि ब्रिटनचा जुना टन सुमारे १०१६ किलोचा, त्यामुळे निर्यातीच्या कागदावर 'मेट्रिक' शब्द गाळू नये.

क्विंटल दशमान आहे, पण आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या मान्य एककांच्या यादीत नाही. बाजार समितीत कांदा, सोयाबीन, कापूस यांचे भाव क्विंटलवर निघतात. ऊस दोन्हींत अडकलाय. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) केंद्रानं क्विंटलला ३४० रुपये जाहीर केली, बांधावर आणि आंदोलनात ती टनाला ३,४०० म्हणूनच बोलली गेली. दोन बातम्यांतले आकडे दहापट वेगळे दिसले तर आधी एकक बघा.

८. दीड टनाचा एसी म्हणजे त्याचं वजन दीड टन का?

नाही, आणि हा मेट्रिक टनही नाही. अमेरिकेचा ९०७ किलोचा टनभर बर्फ २४ तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता काढून घेण्याचा वेग म्हणजे 'एक टन' थंडावा. तो सुमारे ३.५ किलोवॅट भरतो, म्हणून दीड टन म्हणजे सुमारे ५.३ किलोवॅट. ही उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता झाली. विजेचा वापर याहून बराच कमी असतो आणि तो लेबलवर वेगळा दिलेला असतो.

९. सातबाऱ्यावरचा 'आर' म्हणजेच गुंठा ना?

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि चुकीचं उत्तर पैशात मोजावं लागतं.

एक आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १०७६.४ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणून बोलताना 'आर म्हणजे गुंठाच' खपून जातं. पण ४० आर म्हणजे ४००० चौरस मीटर आणि ४० गुंठे, म्हणजे एक एकर, ४०४६.८६ चौरस मीटर. एकरामागे सुमारे ५०४ चौरस फुटांची तफावत पडते, जवळजवळ अर्धा गुंठा. गावठाणालगतच्या जमिनीत हा आकडा लहान नाही.

सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमानं येतं. १.२०.५० म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर, एकूण १२,०५० चौरस मीटर. गुंठे काढायचे तर एकूण चौरस मीटरना १०१.१७ नं भागा. इथे ११९.१ येतात, म्हणजे २ एकर ३९.१ गुंठे. ५ आर ०.०५ असं लिहायचं, ०.५ असं लिहिलं तर ते ५० आर वाचलं जाईल. खरेदीखताच्या मसुद्यात ही चूक हमखास शोधावी.

आता नावाची विसंगती. 'हेक्टर' म्हणजे हेक्टो अधिक आर, शंभर आर. हेक्टोमधला 'ओ' मधल्यामध्ये गळाला. आंतरराष्ट्रीय पद्धतीसोबत वापरायला मान्य एककांत आज हेक्टर आहे, पण ज्याच्यावरून तो बनला तो आर त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. महाराष्ट्राच्या महसुली कागदांवर मात्र आर ठणठणीत आहे.

१०. एक किलोमीटर हजार मीटर, तर एक चौरस किलोमीटर हजार चौरस मीटर का नाही?

कारण घात फक्त मीटरला नाही, 'किलोमीटर' या अख्ख्या नावाला लागतो. हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख चौरस मीटर, अर्थात १०० हेक्टर. तसंच एका घनमीटरमध्ये शंभर नव्हे, तर दहा लाख घन सेंटिमीटर. बोलताना 'चौरस' आधी येतो आणि 'किलो' नंतर, म्हणून कानाला उलटं वाटतं.

या नियमामुळे दशलक्ष घनमीटरला खरं तर एक सुटसुटीत नाव मिळतं, 'घन हेक्टोमीटर' (१०० मीटर लांब, रुंद, उंच). स्पेनमध्ये धरणांचे साठे त्यातच देतात. आपण 'दलघमी' म्हणतो.

११. धरणांच्या बातम्यांतले टीएमसी, दलघमी, क्युसेक, क्युमेक एकमेकांत कसे बदलायचे?

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, म्हणजे शंभर कोटी घनफूट. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. दोन्ही साठ्याची मापं. १ टीएमसी = २८.३२ दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.७ टीएमसी. कोयनेचा एकूण १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २९८० दलघमी.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट (२८.३ लिटर), क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर (१००० लिटर). दोन्ही विसर्गाची मापं. १ क्युमेक = ३५.३ क्युसेक. नावं एका अक्षरानं वेगळी आणि आकडा पस्तीसपट, त्यामुळे इशारा वाचताना अक्षर नीट बघावं.

'क्युसेक प्रति सेकंद' हा प्रयोग चुकीचा आहे, कारण सेकंद क्युसेकमध्येच आहे. विसर्गावरून साठा काढायचा तर वेळेनं गुणा. १०,००० क्युसेक विसर्ग चालू असेल तर एक टीएमसी पाणी सोडायला १ लाख सेकंद, म्हणजे सुमारे २७ तास ४७ मिनिटं लागतात.

१२. इलेक्ट्रिशियन 'अडीच एमएम'ची वायर सांगतो. मोजली तर तेवढी जाड भरत नाही. फसवणूक आहे का?

बहुधा नाही. वायरीचे अडीच एमएम म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. बोलताना 'चौरस' गळतो. एकच गोल तार धरली तर २.५ चौरस मिलिमीटरला व्यास सुमारे १.८ मिलिमीटर येतो, दीड चौरसला सुमारे १.४. वायर अनेक पातळ तारांची असेल तर एका तारेचा व्यास मोजा, त्याच्या वर्गाला ०.७८५ नं आणि मग तारांच्या संख्येनं गुणा. उत्तर २.५ पेक्षा बरंच कमी आलं तर तक्रारीला जागा आहे.

सळईत नेमकं उलटं आहे. '१२ एमएम' म्हणजे व्यासच. वजनाचा ठोकताळा : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ = दर मीटरला किलो. १२ एमएमला ०.८८९, म्हणजे १२ मीटरची सळई १०.६७ किलो. साइटवर तिलाच 'चार सूत' म्हणतात. आठ सुतांचा इंच धरला तर चार सूत १२.७ मिलिमीटर होतात. १२ ची सळई छेदात त्याहून सुमारे ११ टक्के कमी भरते, म्हणून नकाशावर मिलिमीटर असतील तर सुतात ऑर्डर देऊ नये.

१३. मायक्रॉन हे मेट्रिक एकक आहे का?

होतं. १९६७ मध्ये ते नाव रद्द होऊन 'मायक्रोमीटर' उरलं, मीटरचा दहा लाखावा भाग. पण प्लास्टिक पिशव्यांचे नियम लोकांच्या तोंडी मायक्रॉनमध्येच राहिले : २०१६ च्या नियमांत किमान ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. १२० मायक्रॉन म्हणजे ०.१२ मिलिमीटर.

मायक्रॉन टिकण्याचं एक कारण वर्कशॉपमध्ये सापडतं. तिथे मायक्रोमीटर म्हटलं की जाडी मोजायचं उपकरण समोर येतं, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. कारखान्याच्या कागदावर 'मायक्रॉन' लिहिल्यानं गोंधळ टळत असेल तर आमची हरकत नाही.

१४. सेंटिग्रेड म्हणावं की सेल्सिअस?

सेल्सिअस. १९४८ मध्ये नाव बदललं, कारण फ्रेंचमध्ये 'ग्रेड' हे कोनाचं माप होतं (काटकोनाचा शंभरावा भाग) आणि सेंटिग्रेड म्हणजे त्याचा शंभरावा भाग असाही अर्थ निघे. सेल्सिअसनं १७४२ मध्ये मांडलेली मापनश्रेणी उलटी होती, पाणी ० ला उकळे आणि १०० ला गोठे. ती नंतर फिरवली गेली.

'अंश सेल्सिअस' म्हणायचं, पण 'अंश केल्विन' नाही. केल्विनमधला अंश १९६७ मध्ये काढला. तापमानातला फरक दोन्हींत सारखाच : ५ अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे ५ केल्विनची वाढ.

१५. वीजबिलातलं 'युनिट' म्हणजे किलोवॅट प्रति तास ना?

नाही. किलोवॅट-तास, म्हणजे गुणाकार. 'प्रति' आला की भागाकार होतो आणि अर्थच बदलतो. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की २ × ०.५ = १ युनिट. किलोवॅट हा वीज वापरण्याचा वेग आणि युनिट म्हणजे वापरलेली ऊर्जा. ऊर्जेचं अधिकृत एकक जूल आहे, त्यात एक युनिट ३६ लाख जूल. वीजकेंद्राची क्षमता मेगावॅटमध्ये आणि त्यानं दिलेली वीज दशलक्ष युनिटमध्ये सांगतात. 'प्रकल्पातून रोज ५० मेगावॅट वीज मिळते' या वाक्यातला 'रोज' निरर्थक आहे.

१६. पॉवर बँक २०,००० एमएएच आणि इन्व्हर्टरची बॅटरी फक्त १५० एएच. मग पॉवर बँक मोठी का?

एमएएच म्हणजे मिली-अँपिअर-तास, त्यामुळे २०,००० एमएएच म्हणजे २० एएच. मोठा आकडा खोक्यावर बरा दिसतो, एवढंच. शिवाय अँपिअर-तास म्हणजे ऊर्जा नव्हे, व्होल्टनं गुणावं लागतं. पॉवर बँक : २० × ३.७ = ७४ वॅट-तास. इन्व्हर्टर : १५० × १२ = १८०० वॅट-तास, जवळपास चोवीसपट. विमानात केबिनमध्ये विनापरवानगी न्यायची मर्यादा १०० वॅट-तास असते, एमएएचमध्ये नसते.

१७. आहारातली कॅलरी आणि विज्ञानातली कॅलरी एकच का?

आहारातली हजारपट मोठी. चपातीत '१०० कॅलरी' म्हणतो तेव्हा त्या किलोकॅलरी असतात. पाकिटावर 'किलोकॅलरी' छापलेलं असतं तेच बरोबर. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोजूल.

१८. तोळा आणि कॅरेट दशमान झाले का?

कॅरेट झाला. हिऱ्याचा मेट्रिक कॅरेट १९०७ मध्ये २०० मिलिग्रॅम ठरला. सोन्याचा कॅरेट हे वजनच नव्हे, चोवीसपैकी किती भाग सोनं ते सांगतो : २२ कॅरेट म्हणजे सुमारे ९१.६ टक्के, म्हणून हॉलमार्कवर ९१६. तोळा व्यवहारात झाला. मूळ तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या काळातल्या पावतीवर पाच तोळे असतील तर ते ५८.३ ग्रॅम असू शकतात. हिशोब ग्रॅममध्येच मागावा.

१९. एक टेराबाइटची हार्ड डिस्क संगणकावर ९३१ जीबीच दिसते. बाकीची जागा कुठे गेली?

कुठेच नाही. कंपनी टेरा म्हणजे नेमके एक लाख कोटी बाइट धरते. विंडोज मात्र गिगा म्हणजे १०२४ चा तिसरा घात धरून भागते आणि तरीही 'जीबी'च लिहिते. १०२४ च्या पटीसाठी १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी असे वेगळे उपसर्ग ठरले, पण रोजच्या बोलण्यात ते आले नाहीत. इंटरनेटच्या वेगाचा घोळ निराळा, तिथे बिट असतात आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात.

२०. औषधावर कधी मिलिग्रॅम, कधी 'एमसीजी', कधी 'आययू'. यांचा मेळ कसा घालायचा?

'एमसीजी' म्हणजे मायक्रोग्रॅम. ग्रीक 'म्यू' हस्ताक्षरात 'एम'सारखा दिसतो आणि डोस हजारपट वाचला जाऊ शकतो, म्हणून औषधांत हे नियमबाह्य चिन्ह मुद्दाम वापरतात. थायरॉइडची १०० एमसीजीची गोळी म्हणजे ०.१ मिलिग्रॅम.

'आययू' (आंतरराष्ट्रीय एकक) हे वजन नाही, परिणामाचं माप आहे, आणि प्रत्येक पदार्थाचं वेगळं. ड जीवनसत्त्वाचे ४० आययू = १ मायक्रोग्रॅम, म्हणून ६०,००० आययूचं पाकीट फक्त दीड मिलिग्रॅमचं. अ जीवनसत्त्वाला हे गुणोत्तर लागू नाही.

२१. इन्सुलिनच्या सिरिंजवरचे 'युनिट' सगळीकडे सारखे असतात का?

युनिट सारखं, पण एका मिलीत ते किती हे वेगळं. भारतात कुपीतलं इन्सुलिन बहुतेकदा एका मिलीत ४० युनिटचं (यू-४०) आणि पेनमधलं १०० युनिटचं (यू-१००) असतं. सिरिंजही दोन प्रकारच्या : यू-४० ला लाल टोपण, यू-१०० ला नारिंगी. यू-४० ची कुपी आणि यू-१०० ची सिरिंज अशी जोडी झाली तर ४० च्या खुणेपर्यंत भरूनही पोटात १६ च युनिट जातात. उलट जोडी झाली तर ४० च्या खुणेला १०० युनिट जातात आणि साखर धोकादायक उतरते. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का, हे दर नव्या खरेदीला बघा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं इन्सुलिन काढू नका. जुळणारी सिरिंज मिळत नसेल तर मनात गुणाकार करून टोचू नका, दुकानदाराला बदलून द्यायला सांगा किंवा डॉक्टरांना फोन करा.